फेहू: एका रुनेचा अर्थ कसा लावायचा

गेल्या वसुबारसेला भाची घरी आली तेव्हा तिच्या गळ्यात चांदीचं एक छोटं पदक होतं. मधोमध एक उभी रेघ, आणि तिच्यातून उजवीकडे वरच्या अंगाला तिरक्या निघालेल्या दोन रेघा. झाडाच्या एकाच बाजूला दोन फांद्या फुटाव्यात तशा. "मावशी, ही व्हायकिंग लोकांची रून आहे. हिचा अर्थ भरभराट," ती म्हणाली. पदकाच्या डबीत एक चिठ्ठी होती, तिच्यावर तसं छापलं होतं.

चिठ्ठीत खोटं काही नव्हतं. पण ज्या लोकांनी ही खूण शेकडो वर्षं वापरली त्यांनी स्वतः तिच्याबद्दल जे म्हणून ठेवलंय, त्यातलं एक अक्षरही तिच्यात नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी बराच वेळ याच विषयावर बोलत बसलो. तेच बोलणं इथे क्रमाने मांडते आहे. रुनांकडे नव्याने वळणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते: कुणाची पदकामुळे, कुणाची व्हिडिओ गेममुळे, कुणाची टॅटूच्या दुकानातल्या वहीमुळे. चोवीस रुनांचे चोवीस अर्थ पाठ करण्यापेक्षा एकच रून धरू आणि तिचा अर्थ मुळापासून कसा लावायचा ते बघू. भाचीच्या पदकावरचीच घेऊ. तिचं नाव फेहू.

थोडी पार्श्वभूमी आधी हवी. रुना ही उत्तर युरोपातल्या जर्मानिक भाषा बोलणाऱ्यांची लिपी. आजच्या इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक या भाषा ज्या कुळातल्या, त्या कुळाची. डेन्मार्कच्या फ्युन बेटावर व्हिमोसे नावाच्या दलदलीत एक फणी सापडली, साधारण इ. स. १६० च्या सुमाराची. तिच्यावर रुनांमध्ये एकच शब्द कोरलाय, 'हार्या'. म्हणजे व्हायकिंग काळाच्या सहाशे वर्षं आधीपासून ही लिपी वापरात होती. जुन्या मालिकेत २४ अक्षरं, आठ-आठच्या तीन गटांत. पहिल्या सहा अक्षरांच्या उच्चारांवरून मालिकेलाच 'फुथार्क' म्हणतात. पुढे स्कँडिनेव्हियात ती १६ अक्षरांवर आली, तर इंग्लंडमध्ये उलट वाढून अठ्ठावीसच्या वर गेली. या सगळ्या मालिकांत फेहू पहिली.

(मी 'रून' हा शब्द 'खूण'सारखा चालवते: रून, रुना, रुनेचा. मराठीत तो तसा सहज बसतो आणि अर्थालाही जवळचा आहे.)

पहिली पायरी: हातात काडी घ्या

अर्थाकडे जाण्याआधी आकार हाताखालून जाऊ द्या. आइस्क्रीमची लाकडी काडी आडवी धरा आणि छोट्या सुरीने तिच्यावर फेहू कोरा. उभी रेघ काडीच्या रुंदीत येईल, म्हणजे लाकडाच्या तंतूंना काटकोनात. ती स्वच्छ उमटते. तिरक्या दोन रेघा तंतू कापत जातात, त्याही स्पष्ट दिसतात. आता मुद्दाम रोमन लिपीतल्या एफसारख्या दोन आडव्या रेघा मारून बघा. सुरी तंतूंच्या दिशेनेच घसरते, एक तर लाकूड चिरतं किंवा रेघ तंतूंमध्ये हरवून जाते. रुनांमध्ये आडव्या रेघा का टाळल्या आहेत हे बोटांना एका मिनिटात कळतं. आपल्यापर्यंत दगड जास्त पोचले, कारण दगड टिकतो. पण ही लिपी घडली ती लाकडावर.

दोन गोष्टी लगेच लक्षात ठेवा. फेहूच्या फांद्या वर जातात. त्याच जागेवरून निघून खाली झुकणाऱ्या दोन फांद्या दिसल्या तर ती आन्सुझ, अ-आवाजाची रून, आणि नवखे वाचक या दोघींत हमखास गल्लत करतात. दुसरी गोष्ट: जुने कोरीव लेख डावीकडून उजवीकडे जातात तसे उजवीकडून डावीकडेही जातात. दिशा उलटली की अक्षरंही सहसा आरशातल्यासारखी उलटतात. त्यामुळे फांद्या डावीकडे असलेली फेहू दिसली तर ती फेहूच. ही बाब पुढे कामाला येणार आहे.

दुसरी पायरी: आधी ते अक्षर म्हणून वाचा

रून दिसली की तिच्यात गूढ शोधायचा मोह होतो. पण दहातल्या नऊ वेळा ती फक्त एक आवाज दाखवत असते. फेहू म्हणजे ओठांतून फुंकर सोडल्यासारखा फ.

हे समोर बघायचं असेल तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक पेटी आहे, फ्रँक्स कास्केट. तिथे राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी ती चुकवू नये. व्हेलच्या हाडाची, इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया भागात आठव्या शतकाच्या सुरुवातीला बनलेली. दर्शनी बाजूच्या वरच्या कडेवर लेख सुरू होतो: 'फिस्क फ्लोडू आहोफ ऑन फेर्गेनबेरिग'. माशाने लाटा उसळवत डोंगरकड्यापाशी नेल्या, असा साधारण भाव. किनाऱ्याला लागलेल्या ज्या व्हेलच्या हाडातून पेटी घडली, त्या व्हेलचीच ही गोष्ट. फिस्क, फ्लोडू, फेर्गेन: तीन शब्द फेहूने सुरू होतात, आणि त्यांचा गुराढोरांशी किंवा धनाशी काही संबंध नाही. कोरणाऱ्याला अनुप्रास साधायचा होता. जुन्या जर्मानिक कवितेत यमक शेवटी नसतं, शब्दांच्या सुरुवातीचे आवाज जुळवतात. त्याच पेटीच्या खालच्या कडेवरचा लेख उजवीकडून डावीकडे जातो आणि त्यातल्या रुना उलट्या तोंडाच्या आहेत, हेही तिथे उभं राहून पाहता येतं.

म्हणून लेखात फेहू भेटली तर पहिला प्रश्न: ही एखाद्या शब्दातलं अक्षर आहे का? असेल तर तो शब्द वाचा, त्याचा अर्थ लावा. 'फिस्क'मधला 'फ' वेगळा काढून 'भरभराटीचा मासा' असं करत बसू नका.

तिसरी पायरी: नावाचा माग काढा

खरी गंमत इथे सुरू होते आणि इथे मराठी माणसाच्या हातात एक किल्ली आहे.

प्रत्येक रुनेला नाव असतं, आणि ते नाव म्हणजे भाषेतला एक साधा, रोजचा शब्द. त्या शब्दाचा पहिला आवाज तोच रुनेचा आवाज. आपण मुलांना 'ग गणपतीचा' शिकवतो ना, तसंच. फरक एवढाच की इथे 'गणपती' हेच अक्षराचं नाव झालं.

मात्र 'फेहू' हे रूप कुठल्याही दगडावर नाव म्हणून कोरलेलं नाही. भाषाशास्त्रज्ञांनी ते मागे जाऊन बांधलंय, म्हणून अभ्यासाच्या पुस्तकांत त्याच्या आधी तारांकन दिसेल. ते तारांकन दिसलं की समजायचं, हा शब्द तुलनेतून उभा केलेला आहे. तुलना कशाची? जुन्या इंग्रजीत या रुनेचं नाव 'फेओह', नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'फे'. आल्प्सच्या कुशीतल्या सेंट गालेनच्या मठात जपलेल्या नवव्या शतकातल्या एका हस्तलिखितात रुनांची छोटी पद्यमय यादी आहे, तिची सुरुवात 'फेउ फोरमान' अशी, म्हणजे 'फेउ पहिली'. एकोणिसाव्या शतकात ते पान नीट वाचता यावं म्हणून त्याच्यावर रसायन लावलं आणि पान कायमचं खराब झालं. आज आपण ती यादी वाचतो ती बरीचशी विल्हेल्म ग्रिम यांनी १८२८ मध्ये छापलेल्या चित्रामुळे.

विल्हेल्म हे परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंमधले धाकटे. थोरले याकोब यांनी १८२२ मध्ये एक ध्वनिनियम मांडला आणि तो आपल्याला थेट उपयोगी आहे. संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांच्यासकट ज्या मूळ भाषेतून जर्मानिक भाषा निघाल्या, तिच्यातला 'प' जर्मानिकमध्ये 'फ' झाला. पिता आणि फादर, पाय आणि फूट, पाच आणि फाइव्ह. तसंच मूळचा एक क-सारखा आवाज संस्कृतात 'श' झाला आणि जर्मानिकमध्ये 'ह'. शत आणि हंड्रेड, श्वान आणि जर्मन हुंट.

आता 'फेहू' घ्या. फ च्या जागी प ठेवा, ह च्या जागी श. स्वर जरा हलवा. काय मिळालं?

पशू.

भाचीने कागदावर हे स्वतः करून पाहिलं तेव्हा ती क्षणभर गप्पच झाली. हा ओढूनताणून आणलेला योगायोग नाही. फेहू आणि पशु हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत, आणि त्यांचाच तिसरा भाऊ लॅटिन 'पेकू', म्हणजे गुरं, ज्याच्यावरून 'पेकुनिया', म्हणजे पैसा. रुनेच्या नावाचा अर्थ शोधायला कुठल्या कोशात जायची गरज नाही. 'पशुधन' हा शब्द आपल्या तालुक्याच्या दवाखान्याच्या पाटीवर आहे.

चौथी पायरी: तो शब्द ज्यांच्या तोंडी होता, त्यांच्या गोठ्यात जा

नाव कळलं, पण त्या लोकांना गुरं म्हणजे काय वाटत होतं? रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मानिक टोळ्यांविषयी लिहिलं. त्यांची गुरं बहुतेक ठेंगणी, शिंगांनाही डौल नाही, असं तो म्हणतो. पण संख्या मोठी असली की मालक खूश, कारण हीच त्यांची एकमेव आणि सगळ्यात लाडकी संपत्ती. गुन्ह्याचा दंड ते घोडे-गुरांच्या मोजणीत भरत. लग्नात नवरा मुलगा बायकोला बैलजोडी, लगाम घातलेला घोडा आणि ढाल-भाला-तलवार देई. टॅसिटस हा बाहेरचा माणूस होता आणि रोमच्या वाचकांसाठी लिहीत होता, ते ध्यानात ठेवून हे वाचावं. तरी गुरांबद्दलचं त्याचं म्हणणं भाषेच्या पुराव्याशी नेमकं जुळतं.

तो पुरावा असा: गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत चौथ्या शतकात झालेल्या बायबलच्या भाषांतरात याच शब्दाचा अर्थ पैसा, मालमत्ता. जुन्या जर्मनमध्ये गुरं, आणि आजही जर्मनमध्ये 'फी' म्हणजे गुरंढोरं. आइसलँडमध्ये तर दोन्ही अर्थ आजतागायत एकत्र नांदतात. तिथे मेंढ्यांच्या गोठ्याला 'फ्यारहूस' म्हणतात आणि अर्थकारणाला 'फ्यारमाउल'. गोठा आणि देशाचा अर्थसंकल्प एकाच शब्दाच्या छपराखाली.

त्या दिवशी वसुबारस होती आणि आमच्या दारात गाय-वासराची रांगोळी होती. वसू म्हणजे धन. दिवाळीची सुरुवात आपण गाईच्या पूजेने करतो आणि त्या दिवसाला धनाची द्वादशी म्हणतो, हे भाचीला समजावून सांगावं लागलं नाही. गावाकडे जनावराला 'लक्ष्मी' म्हणणारे अजून आहेत. फेहू ही आपल्याकडून तिकडे गेली किंवा तिकडून इकडे आली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शब्द एका कुळातला आहे, लिपी आणि सण ज्याचे त्याचे. पण गुरं राखणाऱ्या माणसांना धन कसं दिसतं, ते ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही.

एक बारकावा इथेच टिपून ठेवा. फेहू म्हणजे चालतं-फिरतं धन, आपल्या कागदपत्रांच्या भाषेत जंगम मालमत्ता. स्थावरासाठी वेगळी रून आहे, ओथाला, वडिलोपार्जित जमीन. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर क्युल्व्हर इथे इ. स. ४०० च्या सुमाराचा एक थडग्याचा दगड सापडला, त्याच्यावर अख्खी मालिका कोरलीय, आणि ती फेहूपासून सुरू होऊन ओथालावर संपते. जंगमापासून स्थावरापर्यंत. मला ही रचना फार आवडते. पण दुसऱ्या काही वस्तूंवर शेवटच्या दोन रुनांचा क्रम उलटा आहे, म्हणून यावर कुठला सिद्धांत उभारू नका.

पाचवी पायरी: तीन कविता शेजारी ठेवून वाचा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. रुनांच्या नावांवर रचलेल्या तीन जुन्या कविता आपल्याकडे आहेत: एक इंग्लंडची, एक नॉर्वेची, एक आइसलँडची. प्रत्येक रुनेला एक कडवं. पोरांना क्रम आणि नावं पाठ व्हावीत म्हणून रचल्या असाव्यात, पण त्यात त्या त्या समाजाचं शहाणपण आपसूक उतरलंय.

इंग्लंडची कविता म्हणते (मराठी माझं):

*धन हा प्रत्येकाला दिलासा,*
*तरी प्रभूपुढे ज्याला मान हवा*
*त्याने ते सैल हाताने वाटावं.*

ही ख्रिस्ती काळातली रचना आहे, म्हणून प्रभू आला. पण 'वाटावं' हे त्याहून जुनं आहे. जर्मानिक राजाची थोरवी त्याने सोन्याची कडी किती वाटली यावर ठरत असे.

नॉर्वेची कविता दोनच ओळींची, तेराव्या शतकाच्या आसपासची:

*धन भाऊबंदांत कलह लावतं;*
*लांडगा रानात वाढतो.*

पहिल्या ओळीतला मूळ शब्दप्रयोग 'फ्रेन्डा रोग', नातलगांमधलं वैर. भाषांतराच्या जुन्या पुस्तकांत याला लांबलचक वाक्यं खर्ची घातली आहेत, आपल्याकडे एक शब्द तयार आहे: भाऊबंदकी. दुसरी ओळ पहिल्यांदा वाचताना सुटी वाटते. या कवितेत तशीच पद्धत आहे, पहिल्या ओळीत रुनेचा शब्द आणि दुसरीत यमक जुळवणारं दुसरंच चित्र. मी मात्र ते लांडग्याचं चित्र सुटं सोडत नाही. गुरं राखणाऱ्याला रानातला लांडगा कधी विसरता येत नाही, आणि घरातल्या भांडणाशेजारी तो ठेवला की धनाला दोन बाजूंनी धोका दिसतो, आतून आणि बाहेरून. हे माझं वाचन आहे, कवीने तसं सांगितलेलं नाही.

आइसलँडच्या कवितेची सर्वांत जुनी हस्तलिखितं इ. स. १५०० च्या आसपासची. तिची रीत वेगळी, प्रत्येक रुनेला तीन कोडी:

*धन म्हणजे भाऊबंदकी,*
*आणि भरतीचा जाळ,*
*आणि थडग्यातल्या माशाची वाट.*

नॉर्स कवी वस्तूचं सरळ नाव न घेता अशी वळणाची नावं देत. भरतीचा किंवा समुद्राचा जाळ म्हणजे सोनं, पाण्याखाली चमकणारं. थडग्यातला मासा म्हणजे साप, आणि सापाची वाट म्हणजेही सोनं, कारण पुरलेल्या सोन्यावर साप किंवा ड्रॅगन वेटोळं घालून बसतो अशी तिकडची समजूत. गुप्तधनावर नाग बसलेला असतो ही गोष्ट आजीकडून ऐकलेल्या कुणालाही हे कोडं अडणार नाही. कडव्याला लॅटिन शब्दही जोडलाय, 'आउरुम', सोनं. म्हणजे या टप्प्यावर गुरं मागे पडून सोनं पुढे आलं. रुनेचा अर्थ काळाबरोबर सरकतो, तो असा.

आता तिन्ही शेजारी ठेवा. तुमच्या घरी भरभराट येईल, असं कोण म्हणतंय? कुणीच नाही. एक म्हणते वाटून टाका, दुसरी म्हणते भावाभावांत लागेल, तिसरी म्हणते त्यावर साप आहे. धन वाईट असंही कुणी म्हणत नाही. 'दिलासा' हा शब्द पहिल्याच ओळीत आहे. पण धन साठून राहिलं की ते कसं फिरतं, याची जाण तिन्हीत आहे. माझ्या लेखी फेहूचा अर्थ हा आहे, आणि पदकाच्या चिठ्ठीवर नेमका तोच नव्हता.

नॉर्समध्ये फे आणि फ्रेन्डर, धन आणि भाऊबंद, ही जोडी पक्की होती. हावामाल या प्रसिद्ध काव्यात, जे आइसलँडच्या साधारण १२७० च्या हस्तलिखितात टिकलंय, ओळ येते: 'देर फे, देया फ्रेन्डर'. गुरं मरतात, भाऊबंद मरतात, आपणही तसेच मरतो. मरत नाही ती मिळवलेली कीर्ती. तेच दोन शब्द, तोच फ चा अनुप्रास.

या कविता आपल्यापर्यंत पोचल्या याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं. इंग्लंडच्या कवितेचं हस्तलिखित १७३१ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत गेलं. इंग्रज विद्वान जॉर्ज हिक्स यांनी ते १७०५ मध्ये छापलं नसतं तर आज एक ओळ उरली नसती. नॉर्वेची कविता १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत जळाली. तिच्याही नकला आधी झाल्या होत्या म्हणून आपण ती वाचतो.

सहावी पायरी: एकटी उभी असलेली रून

रून कधी तरी पूर्ण शब्दाच्या जागी वापरत का? हो, पण थोड्याच ठिकाणी, आणि ती ठिकाणं माहीत हवीत.

स्वीडनच्या ब्लेकिंगे प्रांतात सातव्या शतकाच्या आसपासचे काही दगड आहेत. त्यातल्या स्टेंटोफ्टेनच्या दगडावर हाथुवोल्फ नावाच्या माणसाने 'दिली' असं म्हणून पुढे एकच रून कोरलीय, यारा. यारा म्हणजे वर्ष, चांगलं साल, सुगी. हाथुवोल्फने सुगी दिली. इथे एका अक्षराला अख्ख्या शब्दाचा अर्थ आहे यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. हा दगड आज सोल्व्हेसबोर्गच्या चर्चमध्ये उभा आहे.

त्याच मुलखातल्या गुम्मार्पच्या दगडावर लेख होता: हाथुवोल्फने तीन दांड्या रोवल्या. (रुनेला दांडी म्हणत, उभ्या रेघेमुळे.) आणि पुढे तीन फेहू, ओळीने. फ, फ, फ. शेजारच्या दगडावर सुगी दिली असेल तर इथे तीनदा धन, असं वाचन साहजिक वाटतं आणि ते सर्वांत जास्त मानलं जातं. तरी हे वाचन आहे, दगडावर 'धन' हा शब्द अक्षरश: लिहिलेला नाही. आणि दगड पुन्हा तपासायची सोय नाही. तो कोपनहेगनला नेला होता आणि १७२८ च्या त्याच आगीत नष्ट झाला. सतराव्या शतकातलं चित्र तेवढं उरलंय.

इंग्लंडच्या हस्तलिखितांत ही रीत जरा मोकळी दिसते. कवी किनेवुल्फ आपल्या नावातली अक्षरं रुनांमध्ये कवितेत ओवून सही करत असे. एका सहीत त्याने क्रम फिरवला आणि नावातलं शेवटचं अक्षर फेहू आधी आणलं. म्हणतो, ती 'शेवटी उभी आहे', आणि माणसं पृथ्वीवर तिचा उपभोग घेतात, पण कायम नाही. अक्षर नावाच्या शेवटी, धन आयुष्याच्या शेवटी सुटणारं. दोन्ही एका ओळीत.

सातवी पायरी: नंतरची भर वेगळ्या डब्यात ठेवा

इंटरनेटवर फेहू शोधलीत तर याखेरीज पुष्कळ काही मिळेल. ते फेकून द्या असं मी म्हणत नाही. कोणी रुना ध्यानासाठी किंवा कौल लावण्यासाठी वापरत असेल तर ती त्याची श्रद्धा. फक्त जुनं काय आणि नवं काय हे ठाऊक असावं.

उलटी फेहू म्हणजे नुकसान, ही कल्पना विसाव्या शतकातली. उजवीकडून डावीकडे कोरलेले जुने लेख आपण पाहिलेच. तिथे उलट तोंडाची रून कुणालाच अशुभ वाटत नव्हती. काहीही न कोरलेली 'कोरी रून' तर १९८२ मध्ये अमेरिकेत आली. फेहूचा फ्रेय या देवाशी संबंध जोडतात त्याचं मूळ असं की आइसलँडमध्ये पुष्कळ नंतर पहिल्या आठ रुनांच्या गटाला फ्रेयचा गट म्हणू लागले, फ वरून. कवितांमध्ये फेहूच्या कडव्यात फ्रेय येत नाही. कौल लावण्याबद्दल टॅसिटस लिहितो की फळझाडाच्या फांदीचे तुकडे करून त्यांवर खुणा करत, पांढऱ्या कापडावर टाकत आणि आकाशाकडे बघत तीन उचलत. त्या खुणा रुना होत्या असं मात्र तो म्हणत नाही.

एक भर निव्वळ नवी नाही, घातक आहे. ऑस्ट्रियाच्या गीडो फॉन लिस्टने १९०८ मध्ये १८ रुनांची स्वतः रचलेली मालिका प्रसिद्ध केली, तिला वंशश्रेष्ठतेची जोड दिली, आणि त्या वातावरणातून पुढे नाझींनी काही रुना उचलल्या. एसएस या नाझींच्या दलाच्या गणवेशावरची दुहेरी विजेसारखी खूण ही सूर्याच्या रुनेची नक्कल. ओथाला, तीवाझ, अल्गिझ या रुनांचाही तसाच वापर झाला. शिक्षणाला किंवा नोकरीला जर्मनीला निघालेल्या आपल्या मुलामुलींना मी आवर्जून सांगते: ती दुहेरी खूण तिथे मिरवणं हा गुन्हा आहे, आणि बाकीच्यांकडेही लोक संशयाने बघू शकतात. रुनेचा टॅटू काढायचा असेल तर गोंदवण्याआधी त्या एका रुनेचा विसाव्या शतकातला इतिहास वाचा.

मग पदकाचं काय?

सगळं बोलून झाल्यावर भाचीने विचारलं, "म्हणजे हे घालू की नको?" घाल की. पदकावर रून एकटी आहे, कुठल्या शब्दाचा भाग नाही, म्हणून तिचं नाव वाचायचं: फेहू. पशू, धन, जंगम मालमत्ता. फांद्या वर आहेत ना बघ, खाली नाहीत, म्हणजे घडवणाऱ्याने आन्सुझशी गल्लत केलेली नाही. साखळी फिरून पदक मागून दिसलं तरी काही बिघडत नाही. कुणी अर्थ विचारला तर 'भरभराट' एवढंच सांगून थांबू नकोस, पुढची ओळही सांग: ते वाटायचं असतं. तिने चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनाने 'पशू' लिहिलं आणि डबीत परत ठेवली.

पुढची रून स्वतः करायची असेल तर मालिकेतली दुसरी घ्या, ऊरुझ. फेहू सोपी होती, कारण तिन्ही कविता एकाच शब्दाबद्दल बोलतात. ऊरुझपाशी त्या फुटतात. इंग्लंडच्या कवितेत 'ऊर' म्हणजे मोठ्या शिंगांचा रानबैल, जो १६२७ मध्ये पोलंडच्या याक्तोरुव्हच्या जंगलात कायमचा संपला. नॉर्वेच्या कवितेत 'ऊर' म्हणजे वाईट लोखंडातून निघालेली मळी. आणि आइसलँडच्या कवितेत ढगांचं रडणं, पावसाची भुरभुर. तिथेही याच पायऱ्यांनी जा, आणि तिन्हींतला कुठला अर्थ जुना असेल ते आधी स्वतः ठरवून बघा.